आमची वाटचाल : कूलर, फायबर आणि चिप

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत आम्ही ऑप्टिकल फायबरच्या पॅचकॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर लावलेल्या जोडकेबल, बनवायचो. गिऱ्हाईक केबलवाले आणि इंटरनेटवाले. प्रकाशाला ध्रुवीकरण (त्याच्या कंपनाची दिशा) नावाची काही भानगड असते, हे बारावीनंतर मी सोयीस्कर विसरलो होतो.

मग एका प्रयोगशाळेचं काम आलं. सिलिकॉनच्या चिपमध्ये फायबरने प्रकाश सोडून पॉवर मोजायची, त्यासाठी टेबल उभारून द्यायचं. नवतपा सुरू होता. सकाळी रीडिंग छान, दुपारी अर्ध्यावर. फायबरचं टोक सरकलं असेल म्हणून दोन दिवस आम्ही ते मायक्रॉन-मायक्रॉनने हलवत बसलो. शेवटी आमचा पोरगा म्हणाला, "भाऊ, कूलर बंद करून पाहू का?" बंद केला आणि आकडा थांबला!

टोक जागेवरच होतं. हलत होती ती टेबलाखाली लोंबणारी फायबर. साधी फायबर वाकली, दबली, तापली की आतल्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरते. केबलच्या धंद्यात डिटेक्टरला त्याचं सोयरसुतक नसतं. चिपला असतं. तिच्यातला वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश वाहून नेणारी वाट, 220 नॅनोमीटर उंच आणि साधारण 450 रुंद, म्हणून आडवा कंपणारा टीई आणि उभा कंपणारा टीएम वेगवेगळ्या वेगाने जातात. त्यात प्रकाश आत घेणारा ग्रेटिंग कपलर बहुधा टीईलाच दार उघडतो.

तिथून आम्ही पॅडल बनवायला लागलो. तीन चकत्यांवर फायबर गुंडाळायची, मधल्या चकतीवर दुप्पट वेढे, आणि चकत्या फिरवून दिशा जुळवायची. पहिला नमुना ॲक्रिलिकचा होता, उन्हाळ्यात वाकला. पुढे दिशा टिकवणारी पांडा फायबर आली. तिच्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना ताण देणाऱ्या दोन काड्या असतात. कनेक्टर लावताना त्यांचा अक्ष सहा अंशांनी चुकला, तरी शंभरातला एक भाग प्रकाश नको त्या दिशेत जातो. हे काम आमच्या दोन ताई सूक्ष्मदर्शकाखाली करतात. मी केलेला माल परत येतो.

आता डिझाइनवाले चिपवरच स्प्लिटर-रोटेटर बसवतात : टीई आणि टीएम वेगळे करायचे आणि टीएमला वळवून टीई करून घ्यायचं. म्हणजे आमचे पॅडल माळ्यावर जाणार, असं भागीदाराचं मत. पण अशी चिप तपासायला तिच्यात मुद्दाम सगळ्या दिशांचा प्रकाश सोडावा लागतो, आणि तासभर हाताने चकत्या फिरवत कोण बसेल? म्हणून सध्या मोटार लावलेला पॅडल बनवतोय. मोटार अजून गरम होते. टेबलाच्या खोलीत एसी बसलाय, कूलर माझ्या केबिनमध्ये आहे.