फुटक्या काचेची जागा वीटभट्टीत

नाशिक-दिंडोरीच्या पट्ट्यात वायनरी आहेत आणि शहरात हॉटेले आहेत, त्यामुळे रिकाम्या बाटल्यांना आपल्याकडे तोटा नाही. अखंड बाटली धुऊन पुन्हा भरता येते आणि तोच तिचा सर्वांत चांगला उपयोग आहे. प्रश्न उरतो तो फुटलेल्या, हिरव्या-तपकिरी-पांढऱ्याची सरमिसळ झालेल्या काचेचा. बाटल्यांच्या कारखान्याला काच रंगवार निवडलेली लागते. विटेला रंगाशी फारसे देणेघेणे नसते. म्हणून हा चुरा वीटभट्टीकडे जावा, असे माझे मत आहे.

बाटलीच्या काचेत सुमारे ७० टक्के सिलिका आणि उरलेल्या भागात मुख्यतः सोडा व चुना असतो. सोड्यामुळे ही काच ७०० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते, तर वीट साधारणपणे ९०० ते १००० अंशांना भाजली जाते. त्यामुळे मातीत मिसळलेली काचेची भुकटी भाजताना वितळते, कणांमधल्या छिद्रांत शिरते आणि निवल्यावर कणांना घट्ट धरून ठेवते. वीट पाणी कमी पिते आणि भार अधिक पेलते. टाइलमध्ये हे काम फेल्डस्पार नावाचे खनिज करते. त्याच्या काही भागाऐवजी काच वापरता येते, पण तिथे प्रमाण जरा वाढले की टाइल भट्टीतच वाकते.

भट्टीवाल्यांना हा प्रकार अनोळखी नाही. जाळाजवळच्या विटा एकमेकींना चिकटून त्यांचा काळसर खंगर होतो. तो फोडला की आत फुगीर छिद्रे आणि काचेची चकाकी दिसते. माती तिथे स्वतःच अर्धवट वितळलेली असते. काच घातल्यावर हे आणखी लवकर घडणार आणि खरी अडचण तीच आहे, कारण आपल्या उघड्या भट्टीत आच सगळीकडे सारखी लागत नाही. एरवी वरच्या थरातल्या ज्या विटा कच्च्या राहतात, त्यांना मात्र काचेचा फायदाच होईल. म्हणून काचमिश्रित विटा आधी फक्त वरच्या थरांत रचून पाहाव्यात.

दुसरी अडचण दळणाची. विटांच्या मातीत मिसळली जाणारी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख मुळातच भुकटी असते. काच मात्र मैद्याइतकी बारीक दळावी लागते, नाहीतर विटा थापणाऱ्याचे हात कापतील आणि जाड कण मातीत नीट मिसळणारही नाहीत. त्याआधी बुचे, टोपणे आणि चिनी मातीचे तुकडे निवडून काढावे लागतात. ट्यूबलाइट तर या ढिगात येताच कामा नये, कारण तिच्यात पारा असतो.

पारख करण्यासाठी प्रयोगशाळेपर्यंत जाण्याची घाई नको. कोरडी वीट तोलून २४ तास पाण्यात बुडवावी आणि पुसून पुन्हा तोलावी. आयएस १०७७ या विटांच्या भारतीय मानकानुसार साध्या विटेचे वजन २० टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये. शेजारी बिनकाचेची वीट ठेवून दोन्हींची वाढ ताडून पाहिली, तर दळणाच्या विजेचा खर्च परवडेल की नाही, हे भट्टीवाल्याला स्वतःच ठरवता येईल.