यादीत नाव, तरी माणूस मोकळा कसा?

२६/११ चा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. मुंबईवरच्या हल्ल्याला दोन आठवडे होतात न होतात तोच, १० डिसेंबर २००८ ला हल्ला करणाऱ्या लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईद याचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या दहशतवाद्यांच्या यादीत लागलं. मग नजरकैदेचे काळ सोडले तर पुढची दहा वर्षं तो पाकिस्तानात सभा घेत कसा फिरत होता? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

ही यादी सुरक्षा परिषदेच्या १२६७ क्रमांकाच्या ठरावातून आली. १९९९ चा हा ठराव मुळात तालिबानसाठी होता. अल-कायदा आणि आयसिस पुढे त्यात आले, तालिबानची यादी २०११ मध्ये वेगळी झाली. नाव लागलं की तीन गोष्टी होतात: मालमत्ता गोठते, परदेश प्रवास बंद होतो, शस्त्रं पुरवायला मनाई होते. बस्स. अटक करा, असं त्यात कुठेही नाही. अटक आणि खटला हे ज्या त्या देशाचं काम. इंटरपोलच्या रेड नोटिशीबद्दलही असाच गैरसमज आहे. ती वॉरंट नव्हे. ती पाहून अटक करायची की नाही, हे तिथला कायदा ठरवतो.

नाव लावायचं काम ज्या समितीकडे, तिच्यात सुरक्षा परिषदेचेच १५ सदस्य असतात. तिथे मतदान नाही, एकमत लागतं. प्रस्तावात पूर्ण नाव, उर्फ नावं, जन्मतारीख, पासपोर्ट द्यायचा आणि मुख्य म्हणजे अल-कायदा किंवा आयसिसशी असलेला संबंध दाखवायचा. नुसतं ‘याने बॉम्बस्फोट घडवले’ म्हणून भागत नाही. वरच्या तपशिलांकडेही दुर्लक्ष करून चालत नाही: पुढे जगभरच्या बँका आपल्या खातेदारांची नावं याच यादीशी ताडून पाहतात. ‘मुहम्मद’ रोमन लिपीत पाच-सहा तऱ्हांनी लिहितात. जन्मतारीख किंवा पासपोर्ट क्रमांक नसेल तर भलत्याच माणसाचं खातं अडकतं, आणि हवा तो निसटतो.

प्रस्ताव सदस्यांकडे गेला की कामकाजाचे १० दिवस. कोणाची हरकत नसेल तर नाव लागलं. पण एकाही सदस्याने ‘थांबा, आणखी माहिती हवी’ म्हटलं की सहा महिने गेले. वर तीन महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते, आणि शेवटी सरळ नकारही देता येतो. मसूद अजहरच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर, २०१६ मध्ये भारताने प्रस्ताव दिला. चीनने तो रोखला, ऑक्टोबरमध्ये मुदत वाढवून घेतली आणि डिसेंबरात नकार दिला. गंमत अशी की त्याची संघटना जैश-ए-मोहम्मद २००१ पासूनच यादीत होती! पुलवामाच्या हल्ल्यानंतर, मार्च २०१९ मध्ये चीनने पुन्हा रोखलं, तेव्हा अमेरिकेने मसुदा थेट सुरक्षा परिषदेच्या सदस्यांमध्ये फिरवला. समितीचं कामकाज बंद दाराआड चालतं. परिषदेत मात्र नकाराधिकार चारचौघांत वापरावा लागला असता. १ मे २०१९ ला नाव लागलं. कारणांत पुलवामाचा उल्लेख नव्हता.

गोठवणं म्हणजे जप्ती नव्हे, हेही लक्षात घ्या. २००२ च्या १४५२ क्रमांकाच्या ठरावानुसार जेवणखाण, घरभाडं, औषधं अशा खर्चासाठी सवलत मागता येते. २०१९ मध्ये पाकिस्तानने हाफिज सईदसाठी ती मागितली. मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, म्हणून त्याला स्वतःच्या खात्यातून महिना दीड लाख पाकिस्तानी रुपये काढायची परवानगी मिळाली. नियमाप्रमाणे त्यात वावगं काही नव्हतं, आणि हेच जास्त बोचतं.

खरा दबाव आला तो संयुक्त राष्ट्रांबाहेरून. एफएटीएफ ही १९८९ मध्ये पॅरिसच्या जी-७ परिषदेत जन्मलेली संस्था काळा पैसा आणि दहशतवादाला मिळणारा पैसा यांवर नजर ठेवते. जून २०१८ मध्ये तिने पाकिस्तानला करड्या यादीत टाकलं. त्या यादीतल्या देशाशी व्यवहार करताना परदेशी बँका हात आखडता घेतात. आधी २७, मग आणखी ७ मुद्दे पूर्ण करायला सांगितले. त्यांत यादीतल्या माणसांवर खटले चालवून शिक्षा करणंही होतं. जुलै २०१९ मध्ये हाफिज सईदला अटक झाली, फेब्रुवारी २०२० मध्ये शिक्षा. लष्करचाच कमांडर आणि २६/११ चा आरोपी लखवी, त्याचा नंबर २०२१ च्या जानेवारीत लागला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पाकिस्तान करड्या यादीतून सुटला.

दोघांना शिक्षा झाली ती दहशतवादाला पैसा पुरवल्याच्या गुन्ह्यात. पाकिस्तानातला २६/११ चा खटला वेगळाच. २००९ मध्ये सुरू झालेला तो खटला रखडलेलाच आहे.