नकाराची नोंद कुठेच नसते: ब्रिटनमधल्या बॅप्टिस्ट महिला पाळकांवर संशोधन करताना

बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथात बिशप नसतो, वरून हुकूम येत नाही. पाळक (चर्चचा धर्मगुरू) म्हणून कोणाला बोलवायचं हे त्या त्या मंडळीची, म्हणजे स्थानिक चर्चच्या सदस्यांची, सभा मत देऊन ठरवते. ईडिथ गेट्स 1918 मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या लिटल ट्यू आणि क्लीव्हली इथे पाळकपदावर आल्या. म्हणजे ब्रिटनच्या बॅप्टिस्ट युनियनमध्ये (अशा मंडळ्यांच्या संघात) बायकांना ही वाट उघडून शंभराहून जास्त वर्षं झाली. तरीही ‘आम्हाला पाळक म्हणून बाई नको’ असं एखादी मंडळी आजही ठरवू शकते, आणि त्याचं कारण लिहून ठेवायला ती बांधील नसते. परवानगीचे कागद मिळतात, नकाराचे मिळत नाहीत. माझी सगळी पद्धत या एका अडचणीभोवती उभी राहिली.

सुरुवात कागदांपासून. ऑक्सफर्डच्या रीजंट्स पार्क कॉलेजमधली अँगस लायब्ररी हे यासाठीचं मुख्य ठिकाण. व्हायोलेट हेजर याच कॉलेजात पाळकपदाचं शिक्षण घेणाऱ्या पहिल्या बाई. कॉलेज तेव्हा लंडनमध्ये होतं. जाण्याआधी ग्रंथपालांना मंडळीचं नाव आणि नेमकी वर्षं कळवायची. नुसतं ‘महिलांविषयी काही आहे का’ असं विचारलं तर हाती फारसं लागत नाही. मग युनियनचं वार्षिक हँडबुक एकेक वर्ष धरून वाचायचं आणि तक्ता करायचा: जन्मनाव, लग्नानंतरचं नाव, मंडळी, रुजू झाल्याचं वर्ष, सोडल्याचं वर्ष, छापलेलं पद. पहिले दोन रकाने वेगळे ठेवले नाहीत तर लग्नानंतर तीच बाई दुसरी व्यक्ती म्हणून मोजली जाते, किंवा यादीतून गायब झाल्यासारखी दिसते. पदाचा रकानाही हवाच, कारण एके काळी बायकांची नोंद ‘महिला पाळक’ अशी वेगळी होत असे.

इथला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे 1975. त्या सुमारास महिला पाळकांचा आकडा एकदम उडी मारतो, आणि आलेख काढणारा खूश होतो. प्रत्यक्षात डीकनेसांची, म्हणजे चर्चच्या सेवाकार्यासाठी नेमलेल्या बायकांची, संस्था बंद होऊन तिच्यातल्या बायकांची नावं पाळकांच्या यादीत घेतली गेली होती. त्यांतल्या कित्येक जणी आधीपासूनच मंडळी सांभाळत होत्या. काम तेच, बदललं फक्त पद. त्यामुळे या उडीचा अर्थ ‘मंडळ्यांचं मन बदललं’ असा लावता येत नाही.

नकार शोधायचा तो रिकाम्या महिन्यांत. कॉलेज संपल्यापासून पहिली नेमणूक होईपर्यंत आणि पुढे दोन नेमणुकांच्या मध्ये किती काळ गेला, हे त्याच कॉलेजातून त्याच वर्षी बाहेर पडलेल्या पुरुषांशी ताडून बघायचं. अर्थात रिकामा काळ म्हणजे नकारच, असं नाही. आजारपण असेल, बाळंतपण असेल, आईवडिलांची देखभाल असेल. म्हणून तिथे फक्त खूण करायची, निष्कर्ष काढायचा नाही. मंडळीच्या सभेचं इतिवृत्त मिळालंच, तर नाव चर्चेला आलं आणि विषय पुढे नेला नाही, एवढंच हाती लागतं. कोण काय बोललं ते नसतं.

ते मुलाखतीतच कळतं. धार्मिक श्रद्धेची माहिती ब्रिटिश कायद्यानं विशेष संरक्षित मानली आहे, त्यामुळे विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी आल्याशिवाय कोणाशी संपर्क करायचा नाही. आणि संपर्क रीजनल मिनिस्टरमार्फत, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांना साहाय्य करणाऱ्या वरिष्ठ पाळकामार्फत, अजिबात नको. नव्या नेमणुकीसाठी पाळकाचा प्रोफाइल (स्वतःची ओळख देणारं माहितीपत्रक) त्यांच्याच हातून मंडळ्यांकडे जातो. त्यांनी आणलेल्या संशोधकाला ‘नाही’ म्हणणं बाईला अवघड, आणि ‘हो’ म्हटलं तरी मोकळेपणानं बोलणं त्याहून अवघड.

‘तुम्हाला भेदभाव जाणवला का?’ हा प्रश्न वाया जातो. उत्तर बहुधा ‘नाही, लोक चांगले होते’ असंच येतं. त्याऐवजी ‘प्रोफाइल पाठवल्यापासून सभेचं मतदान होईपर्यंत काय काय झालं, क्रमानं सांगा’ असं विचारायचं. मग एकेक बाहेर येतं: नवऱ्याच्या नोकरीचं काय, मुलं कोण बघणार, चाचणीचं प्रवचन ऐकायला यायचं कोणी टाळलं, आणि कोणत्या मंडळीनं प्रोफाइल नुसताच परत केला. ‘लोक चांगले होते’ नंतर ‘पण’ आला की आपण गप्प बसायचं, लगेच पुढचा प्रश्न विचारायचा नाही. हसू आणि थांबणंही उतरवून घ्यायचं. अपमानाची गोष्ट हसत सांगितली जाते. हसू गाळलं तर कागदावर ती किरकोळ वाटते. एका तासाचं रेकॉर्डिंग नीट उतरवायला पाच-सहा तास धरायचे.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, हा भ्रम आहे. ‘आधी नर्स होती, जुळ्या मुलांची आई, किनाऱ्यावरच्या गावात पहिली नेमणूक’: एवढ्या लहान वर्तुळात या तीन गोष्टी पुरतात. मी प्रत्येक उताऱ्यातून असा जोड शोधून त्यातला एक तपशील काढून टाकतो. संमतीही दोनदा घेतो, एकदा मुलाखतीआधी आणि एकदा उतरवलेला मजकूर दाखवून. दुसऱ्या वेळी काही जणी सगळ्यात बोलका भाग काढायला सांगतात. तो काढायचाच.

महिला पाळकांच्या अनुभवांवरच्या युनियनच्या ‘प्रोजेक्ट व्हायोलेट’ या संशोधनात महिला पाळकांनाच सहसंशोधक करून घेतलं, हे मला फार योग्य वाटतं. हेजर यांचंच नाव त्याला दिलं आहे. बाहेरच्याला सुचणार नाहीत असे प्रश्न आतल्या बाईला सुचतात. पण जी यादीत आहे तीच अशा कामात येते. सोडून गेलेल्या बायका शोधायच्या तर हँडबुकात शेवटची नोंद कुठे थांबते ते बघून तिथून मागे जावं लागतं. त्यांच्यासाठी संमतीपत्रात एक जास्तीचा पर्याय ठेवायचा: मजकूर वापरा, रेकॉर्डिंग नष्ट करा.