बीपी तर सगळ्यांनाच असतो

लग्नात, पारावर, एसटीत. विचारणारा बदलतो, प्रश्न तोच. "हवालदार, पेन्शन आहे, कँटीन आहे, मग बीपीसाठी सरकारवर केस कशाला? बीपी आमच्या म्हातारीलाही आहे." तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहितो.

भरतीच्या वेळी डॉक्टरांनी दातांपासून तळपायापर्यंत तपासलं होतं. एका आजाराची नोंद नव्हती. 24 वर्षांनी, फौज सोडताना तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने लिहिलं, प्रायमरी हायपरटेन्शन, म्हणजे बीपी, 30 टक्के अपंगत्व, आयुष्यभरासाठी. आणि शेजारच्या रकान्यात 'नाना'. आमच्याकडे नाना म्हणजे घरातलं थोरलं माणूस. तिथं नाना म्हणजे 'नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रवेटेड'. आजार नोकरीने झाला नाही, नोकरीने वाढलाही नाही, म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाही. कारण एका ओळीत: सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत छावणीत.

हो, सापडला पीसलाच. वार्षिक मेडिकलला, 160/110. पण त्याच्या चारच महिने आधी मी कुपवाड्यात वरच्या पोस्टवर होतो. बर्फाने वाट बंद. पहाटे ड्युटीवरून उतरलो की मानेपासून डोकं ठणकायचं. नर्सिंग असिस्टंट बीडचा पोरगा. त्याने दंडाला पट्टा बांधला, सोडला, परत बांधला. म्हणाला, "उस्ताद, लई वर आहे. रजिस्टरला घेतो." मी त्याचं पेन धरलं. खरंच, हाताने. नायब सुभेदारीसाठी माझं नाव पुढे होतं, आणि लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा खालचा शेरा, लागली की नाव मागे पडतं, हे फौजेत कुणाला सांगावं लागत नाही. "गोळी दे, लिहू नको." त्याने कागदात दोन गोळ्या गुंडाळून दिल्या आणि रजिस्टर मिटलं. बढती झाली नाही ती नाहीच.

दोन अपिलं केली. दोन्हींना उत्तर एकच, शब्दसुद्धा तेच. आता ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या खटल्यांचं न्यायाधिकरण. वकील म्हणतात, ते रजिस्टर विसरा. सुप्रीम कोर्टाने 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगून टाकलंय: भरतीवेळी नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, पुढे तब्येत ढासळली तर ती नोकरीमुळे मानायची, आणि नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारण द्यायचं. सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. 'पीस स्टेशन' हे कारण झालं? पीसमध्ये आम्ही काय खाटेवर लोळत असतो?

पैसे हवेत का? हवेत. 30 टक्क्यांचे राऊंडिंगने 50 धरतात, म्हणजे शेवटच्या पगाराचे 15 टक्के. माझ्या वडिलांनाही बीपी होता, हेही सांगून टाकतो. उद्या कुणी म्हणायला नको की लपवलं. लपवण्याची माझी हौस एकदाच फिटली.

कधी कधी त्या पोस्टवरच्या हवालदाराला विचारतो, पेन का धरलंस? तो म्हणतो, तुला काय जातंय आता बोलायला, घरात दोन पोरं शिकत होती. मी म्हणतो, त्या एका ओळीने आज काम झालं असतं. तो म्हणतो, ट्रिब्युनलला ओळ लागतच नाही म्हणे, मग रडतोस कशाला?

मागच्या तारखेआधी त्या बीडच्या पोराला फोन लावला होता. प्रतिज्ञापत्र देशील का? बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उस्ताद, मी अजून नोकरीत आहे. तपासून लिहिलं नाही, हे मी कसं लिहून देऊ?"

त्याच्या जागी मीही दिलं नसतं.