कोंबडी किती, ते सांगा

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या प्रयोगशाळेत येणारा माल ठरलेला असतो. मिरची पूड, खाद्यतेल, बेसन, मधूनच गुरांची पेंड. मांजरांचं खाद्य येतं ते कंपन्यांकडून, कुरियरने. त्यामुळे ऐरोलीच्या एक काकू दोन स्टीलचे डबे घेऊन स्वतःच रिसेप्शनला येऊन बसल्या, तेव्हा सगळ्यांनाच गंमत वाटली.

काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका. वर्गणी काढून सोसायटीतल्या मांजरांना खायला घालतात. एका डब्यात कंपनीच्या सीलबंद पाकिटातले दाणे होते, दुसऱ्यात दुकानदाराने पोत्यातून काढून दिलेले सुटे. माल तोच, नुसते पाकिटाचे पैसे वाचतात, असं दुकानदाराचं म्हणणं. सेक्रेटरींना ते पटलं होतं. मांजरांना पटलं नव्हतं. सुट्या दाण्यांना ती तोंडच लावत नव्हती.

रिपोर्ट तयार झाला त्या दिवशी काकू पुन्हा हजर. मेलवर पाठवते म्हटलं, तर म्हणाल्या, "मेल वाचता येतो गं मला. समजावून कोण सांगणार?"

पहिलीच ओळ प्रोटीनची. दोन्हीकडे ३१ टक्क्यांच्या आसपास. काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे दुकानदार खरं बोलत होता?"

मग मला खुर्ची ओढून बसावंच लागलं. आम्ही या तपासणीत थेट प्रोटीन मोजतच नाही. केल्डाल पद्धतीत नमुना सल्फ्युरिक आम्लात उकळतो, त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया करून तो मोजतो आणि येणाऱ्या आकड्याला ६.२५ ने गुणतो. तो नायट्रोजन कोंबडीच्या छातीतून आला, पिसांतून आला, सोयापेंडीतून की मक्याच्या ग्लुटेनमधून, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १०० ग्रॅम युरिया या हिशेबात २८७ ग्रॅम प्रोटीन ठरतो. २००७ साली उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, तेव्हा चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाईन हे रसायन सापडलं होतं. त्यात ६६ टक्के नायट्रोजन. कागदावर प्रोटीन झकास. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तेच मेलामाईन तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरीत निघालं.

तुमच्या डब्यांत युरिया नाही आणि मेलामाईनही नाही, हे मी घाईघाईने सांगून टाकलं, कारण काकूंचा हात फोनकडे गेला होता.

खरा फरक खालच्या ओळींत होता. पाकिटातल्या दाण्यांत फॅट १२ टक्के, सुट्यात ७. राख पाकिटात ७ टक्के, सुट्यात १३. काकूंना वाटलं, चुलीतली राख मिसळली. बाहेरच्या माणसाला लॅबमध्ये नेता येत नाही, म्हणून मी क्रुसिबलच, म्हणजे नमुना जाळायची छोटी वाटी, बाहेर आणून दाखवलं. दाणे भट्टीत ५५० अंशांना जाळले की जे जळत नाही ते उरतं: कॅल्शियम, फॉस्फरस आणि बाकीचे क्षार. ही राख हायड्रोक्लोरिक आम्लात घातली, तर वाळू असेल ती तळाशी राहते. सुट्या दाण्यांची राख जवळजवळ सगळी विरघळली, आणि त्यात कॅल्शियम भरपूर निघालं. म्हणजे बहुधा हाडं. माणसांसाठी मांस कापून नेल्यावर उरलेले सांगाडे, माना, पाय, आतडी शिजवून, चरबी काढून, वाळवून, दळून पोल्ट्री मील होतं. त्याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. मांजर उंदीर खाताना काही हाडं काढून ठेवत नाही. पण भाव पाडायचा असेल तर मांस कमी आणि हाडं जास्त असं मील मिळतं, आणि प्रोटीन पेंडीने भरून काढता येतं.

काकूंनी पर्समधून पेन काढलं. प्रोटीन, फॅट, तंतू, राख, पाणी यांची बेरीज करून शंभरातून वजा केली. "एकोणचाळीस? हे काय आहे?"

पीठ. मका, तांदूळ. पाकिटावर तो आकडा सहसा छापलेला नसतो. मांजराला त्याची गरज नाही, गरज यंत्राला आहे. कुरकुऱ्यांसारखाच हा लगदा दाबाखाली बाहेर येऊन फुगतो, आणि फुगायला स्टार्च लागतो. नुसता फुगलेला दाणा मांजर हुंगूनही बघत नाही, म्हणून वरून चरबी आणि विरघळवलेल्या काळजा-आतड्यांचा अर्क फवारतात. सुट्या दाण्यांवर हा हात आखडता घेतला असणार. शिवाय उघड्या पोत्यात उरलेली चरबीही खवट झाली होती. हिरवे-लाल रंग मात्र आपल्यासाठी.

शेवटची ओळ टॉरिनची, म्हणजे मांस-मासळीत असणाऱ्या एका अमिनो आम्लाची. त्याचे वेगळे पैसे पडतात, तरी काकूंनी करायला लावली होती. मांजराच्या शरीरात टॉरिन पुरेसं बनत नाही आणि धान्यात ते जवळजवळ नसतंच. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं, की विकतचं खाद्य खाणाऱ्या मांजरांचं हृदय टॉरिनच्या कमतरतेने फुगून थकतं, आणि टॉरिन दिलं की बरीचशी सुधारतात. तेव्हापासून कंपन्या ते कारखान्यात बनवलेलं, पांढऱ्या पावडरीच्या रूपात वरून घालतात. कोरड्या खाद्यासाठी अमेरिकेतला किमान दंडक ०.१ टक्के. पाकीट त्यात बसलं, सुटा माल त्याच्या निम्म्यावरही नव्हता.

आमचा घणसोलीचा असिस्टंट मागून म्हणाला, "काकू, तिसऱ्या घाला. आमची मांजर त्याच्यावरच वाढली." विनोद म्हणून म्हणाला, पण तिसऱ्यांत, म्हणजे त्या शिंपल्यांत, टॉरिन भरपूर असतं हे खरं.

काकूंनी रिपोर्ट दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "हे सगळं ठीक. पण यात कोंबडी किती, ते सांगा ना."

ते या आकड्यांतून निघत नाही, मी म्हटलं. डीएनए तपासणीत कोंबडी आहे की नाही ते कळेल. एवढ्या शिजवलेल्या मालात नेमकी किती, हे सांगणं कठीण. मग तक्रार अन्न प्रशासनाकडे करू का, हा पुढचा प्रश्न. तिथेही मी निराशच केलं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात अन्नाची जी व्याख्या आहे, त्यातून पशुखाद्य वगळलेलं आहे. ग्राहक म्हणून दुकानदाराकडे बिल मागा, एवढंच सुचवलं. त्या म्हणाल्या, सुट्या मालाचं बिल तो कधीच देत नाही.

जाताना काकूंनी दोन पावत्या करून घेतल्या. पाकिटाच्या तपासणीची सोसायटीच्या नावाने, आणि सुट्या मालाची सेक्रेटरींच्या.