ग्वाल्हेरहून बटेश्वर-मितावली, सकाळी लवकर निघा
सगळं आयुष्य ग्वाल्हेरच्या लश्कर भागात गेलं पण बटेश्वर बघायला पुण्याहून आत्येभाऊ यावा लागला, पाहुणा आला की मगच आपण आपला भाग बघतो. ग्वाल्हेरपासून साधारण ३५-४० किमी, मालनपूरवरून रिठौऱ्याकडे जायचं. सातला निघायचं ठरलेलं, निघालो साडेनऊला (आईच्या दशम्या!), वर मॅपनं नेऊन सोडलं थेट मोहरीच्या शेतात. ट्रॅक्टरवाल्या काकांनी रस्ता दाखवला म्हणून पोचलो, तेव्हा मॅप बंद करून गावात विचारत जा.

बटेश्वरला वालुकाश्माची लहान लहान दोनशेच्या आसपास देवळं आहेत, आठव्या ते दहाव्या शतकातली, प्रतिहार राजांच्या काळातली. २००५ पर्यंत इथे बहुतेक दगडांचे ढीगच होते. मग पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मदांनी एकेक दगड जुळवत देवळं उभी करायला घेतली, तेही डाकू निर्भय गुर्जरच्या टोळीच्या इलाख्यात, त्यांना समजावून! शिखराजवळ जाऊन नीट बघा, गवाक्षांची जाळी एका थरातून वरच्या थरात जाते, मधे सांधा येतो पण नक्षीची रेघ तुटत नाही, एका ठिकाणी फक्त सुताएवढी सरकलेली दिसली आणि मी तिथेच दहा मिनिटं उभा. मागे न जुळलेले ढीग अजून पडलेत, तेही चुकवू नका.

पढावली अगदी जवळ, देवळाची पुढे गढी झाली, मंडपातली शिल्पं बघताना मान दुखते.

मितावलीला शंभरेक पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींचं गोल देऊळ. कच्छपघात घराण्यातल्या राजा देवपालानं बांधलेलं सांगतात, तिथला लेख मात्र नंतरचा, चौदाव्या शतकातला. दिल्लीची जुनी संसद यावरून बांधली म्हणून सगळे सेल्फी काढतात, पुरावा मात्र कोणी दाखवत नाही. मला भावलं ते पाण्याचं काम, मधल्या मंडपातल्या फरशीला भोकं आहेत, पावसाचं पाणी त्यातून खालच्या टाक्यात जायचं.

पाणी आणि डबा घरूनच न्या, वाटेतल्या दुकानांच्या भरवशावर राहू नका. थंडीतसुद्धा दुपारी दगड तापतो, आणि देवळात चप्पल काढावी लागली तर मोजे हवेतच. परतताना मुरैनावरून आलात तर लांब पडतं पण गजक (तीळ-गुळाची मिठाई) ताजी मिळते, आम्ही दोन किलो घेतली, घरी पोचेपर्यंत दीड राहिली.