अण्णांची पद्मिनी आणि हरवलेले पावणेचार व्होल्ट

यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या वळणावर गाडीनं पहिला गचका दिला. तिसऱ्या वळणावर लागोपाठ तीन-चार, आणि मग इंजिन गप्प. मी हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागं दगड लावला आणि बॉनेट उघडून उभी राहिले. त्या महिन्यातली ही चौथी वेळ होती. काय करायचं ते आता पाठच झालं होतं. पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं, पंधरा मिनिटं सातारा शहर वरून बघत बसायचं आणि मग सेल्फ मारायचा. गाडी चालू व्हायची, पुन्हा दहा मिनिटं चालायची.

गाडी अण्णांची. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसी, १९८६ची. अण्णांनी आता गाडी चालवणं सोडलंय, पण विकायचं नाव काढलं की जेवत नाहीत. म्हणून मी चालवते. मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबला असिस्टंट आहे. गाडीच्या बॉनेटखालचं मला तोपर्यंत पाणी आणि ऑइल यापलीकडं काही कळत नव्हतं.

गावातल्या गॅरेजात दोन महिन्यांत काय काय झालं ते थोडक्यात सांगते. कार्बोरेटर उघडून साफ केला. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम बदलला. प्लग नवीन. कंडेन्सर नवीन. शेवटी कॉइलही नवीन, कारण "ताई, कॉइल गरम झाली की करंट सोडते, जुन्या गाड्यांचं असंच असतं." यातली एकही गोष्ट तशी वेडगळ नव्हती. तापली की बंद आणि गार झाली की चालू, अशी गाडी असेल तर कॉइल आणि कंडेन्सरवर संशय जाणारच. वायरिंगही तपासली होती. माझ्यासमोर टेस्ट लॅम्पचं टोक कॉइलला लावलं, दिवा लख्ख लागला. "करंट फुल्ल आहे." विषय संपला.

नवी कॉइल बसवल्यावर आठवड्यात गाडी पुन्हा घाटात उभी राहिली, तेव्हा मी ठरवलं की आता आपणच बघायचं. लॅबमधला नव्हे, स्वतःचा मल्टीमीटर विकत आणला. फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, घेतला. आणि एका रविवारी अंगणात सतरंजी टाकून बसले. अण्णा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले, पेपर आडवा धरून, पण सगळं लक्ष माझ्याकडं.

आधी इग्निशनचं सर्किट समजून घेतलं. जुन्या गाडीत ते इतकं साधं असतं की मला जरा रागच आला. बॅटरीचं + टोक, तिथून किल्लीचा स्वीच, तिथून कॉइलची प्रायमरी (कमी वेढ्यांची गुंडाळी), तिथून डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (उघडझाप करणारी दोन टोकं), आणि पॉइंटमधून बॉडी अर्थ, म्हणजे गाडीचा पत्रा. बस्स. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा प्रायमरीतून तीन-चार अँपिअर वाहतात आणि कॉइलच्या लोखंडी गाभ्यात चुंबकीय क्षेत्र साठतं. डिस्ट्रिब्युटरचा कॅम फिरून पॉइंट उघडले की ते क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि सेकंडरीच्या हजारो वेढ्यांमध्ये कित्येक हजार व्होल्ट तयार होतात. ते डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या रोटरमधून ज्या प्लगची पाळी असेल त्याला. पॉइंटना समांतर जोडलेला कंडेन्सर पॉइंटवर ठिणगी पडू देत नाही, आणि त्याच्यामुळंच ते कोसळणं झटक्यात होतं. लॅबमध्ये आमच्याकडं इंडक्शन कॉइल आहे, धूळ खात पडलेली. हीच ती, फक्त छोटी.

ठिणगी बघायला प्लग काढून वायरीला लावला आणि इंजिनच्या अंगावर टेकवून अण्णांच्या नातवाला सेल्फ मारायला सांगितलं. पहिल्यांदा मी प्लगची वायर हातानं धरली. हे कुणी करू नये. रबर जुनं होतं, कोपरापर्यंत असा झटका बसला की पाना कुठं उडाला ते संध्याकाळी सापडलं. अण्णा पेपरामागून म्हणाले, "करंट आहे म्हणजे." दुसऱ्यांदा प्लास्टिकच्या मुठीच्या पकडीनं धरला. ठिणगी निळसर, टकटक आवाज करणारी. गार गाडीत तरी सगळं छान होतं.

पॉइंट किंचित जळले होते, ते बारीक पॉलिश पेपरनं घासले आणि फटीत ०.४ मिमीचं पातं अडकत-अडकत जाईल इतकी फट ठेवली. गॅरेजात हेच काम हॅक्सॉ ब्लेड घालून होतं. मी हसले होते, पण जुन्या मिस्त्र्यांच्या बोटांना ते जमतं हेही खरं. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये तडा नाही, रोटर ठीक. कॉइलची प्रायमरी मोजली, ३.२ ओहम. म्हणजे नवी कॉइलही निर्दोष, आणि बहुधा जुनीही निर्दोषच होती. किल्ली चालू करून कॉइलच्या + टोकाला मीटर लावला: १२.३ व्होल्ट. बॅटरीवर १२.३, कॉइलवरही १२.३. संध्याकाळ झाली, सतरंजी झटकली. हाती काहीच नाही.

उत्तर मिळालं ते मंगळवारी, लॅबमध्ये. बारावीच्या पोरांचं प्रॅक्टिकल चालू होतं, पोटेन्शिओमीटरनं सेलचा अंतर्गत रोध काढायचा. वीस-बावीस वर्षं मी हे सामान टेबलावर मांडतेय. सेलमधून करंट घेत नाही तोवर त्याचा व्होल्टेज पूर्ण दिसतो. रेझिस्टन्स बॉक्सची चावी घातली, करंट वाहायला लागला, की व्होल्टेज पडतो. सेल जितका म्हातारा तितका जास्त पडतो. एका पोरानं नेहमीप्रमाणं चावी न घालताच रीडिंग घेतलं होतं आणि मी त्याच्यावर ओरडले, "अरे, करंटच वाहत नाही तर तुला रोध दिसणार कुठून?"

आणि तिथंच थांबले.

रविवारी मी १२.३ मोजलं तेव्हा पॉइंट उघडे होते की मिटलेले? बघितलंच नव्हतं. पॉइंट उघडे असतील तर सर्किट तुटलेलं, करंट शून्य, आणि मग वाटेत कितीही कुजका जोड असला तरी मीटरवर पूर्ण बॅटरी दिसणार. गॅरेजातल्या टेस्ट लॅम्पचंही तेच. त्यातला बारका बल्ब अँपिअरचा छोटासा अंश घेतो. तेवढा करंट कुजक्या जोडातूनही आरामात जातो आणि दिवा लख्ख लागतो. कॉइलला हवा असतो चार अँपिअर.

पुढच्या रविवारी पहाटेच निघाले. गार गाडीत आधी मोजलं. कॉइलचं − टोक एका वायरनं सरळ बॉडीला टेकवलं, म्हणजे पॉइंट मिटल्यासारखंच झालं. (हे चार-पाच सेकंदच करायचं, नाहीतर कॉइल उगाच तापते.) + टोकाला ११.४ व्होल्ट. म्हणजे व्होल्टभर कुठंतरी गळत होता. वाईट, पण एवढ्यानं गाडी बंद पडावी असं काही नाही. मग समर्थ मंदिरावरून घाट धरला. तिसऱ्या वळणावर नेहमीचा कार्यक्रम झाला. या वेळी फडकं काढलं नाही. मीटर काढला. बॅटरीवर १२.३. कॉइलचं − टोक बॉडीला टेकवलं आणि + टोकावर बघितलं.

८.६.

मोटारसायकलवरून जाणारा एकजण मदतीला थांबला होता, त्याला मी आनंदानं मीटर दाखवला. तो "बरं" म्हणून निघून गेला.

पावणेचार व्होल्ट वाटेत गायब. ३.२ ओहमच्या कॉइलला ८.६ व्होल्ट म्हणजे करंट २.७ अँपिअर, जिथं ३.८ हवा. आणि कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २.७ आणि ३.८ यांचे वर्ग करून बघा, जवळजवळ निम्मं. ठिणगी निम्म्या ताकदीची. सपाटीवर अलगद चालवताना तेवढ्यात भागतं. घाटात पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण भरतं, दाब वाढतो, आणि दाबाखाली प्लगची फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतो. तो मिळत नाही, म्हणून मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकते आणि गचके बसतात. गाडी घाटातच का रुसायची ते कळलं. ओल्या फडक्याचंही कळलं. पेट्रोल पंपाला त्यानं काहीच होत नव्हतं. आपण फडकं टाकून पंधरा मिनिटं बसायचो, तेवढ्यात तिसरंच काहीतरी गार व्हायचं.

खात्री करायला कॉइलच्या + टोकावरची मूळ वायर काढली आणि बॅटरीच्या + वरून फ्यूज घातलेली वेगळी वायर थेट कॉइलला लावली. सेल्फ मारला आणि गाडी एका दमात यवतेश्वरला वर गेली. तिसऱ्या गिअरमध्ये, एकही गचका न देता. अशी वायर लावली की किल्ली फिरवून इंजिन बंद होत नाही, वायरच काढावी लागते. हे लक्षात ठेवलेलं बरं. मी विसरले आणि देवळाबाहेर किल्ली हातात घेऊन गाडीच्या आवाजाकडं बघत उभी राहिले.

घरी येऊन मूळ वायर परत जोडली, अर्धा तास गाडी चालू ठेवून तापवली, मग बंद केली आणि टप्प्याटप्प्यानं मोजायला बसले. इथं मीटरची एक काळी वायर बॉडीला आणि लाल कॉइलला असं करायचं नाही. दोन्ही टोकं एकाच वाटेवर, जोडाच्या अलीकडं-पलीकडं लावायची आणि करंट वाहत असताना त्या जोडावर किती व्होल्ट पडतात ते बघायचं. चांगल्या जोडावर जवळजवळ शून्य यायला हवं. बॅटरीपासून किल्लीच्या स्वीचपर्यंत ०.१५. स्वीचमध्ये ०.२५, चाळीस वर्षांच्या मानानं चालेल. स्वीचच्या बाहेरून कॉइलपर्यंत ३.३. म्हणजे चोर त्या शेवटच्या तुकड्यात. पण तिथं तर नुसती वायर आहे! नुसत्या वायरीत तीन व्होल्ट कसे पडतील?

टॉर्चच्या उजेडात नीट बघितलं तेव्हा दिसलं. किल्लीमागून निघते ती जुनी मूळ वायर, इतर वायरींबरोबर टेपनं गुंडाळलेली. कॉइलवर पोचते ती लाल, घरातल्या फिटिंगला वापरतात तसली. एक वायर वाटेत रंग बदलत नाही. डोकं पायांच्या जागी घालून, पाय सीटवर टाकून मी डॅशबोर्डच्या खाली शिरले. फ्यूजच्या डबीमागं, चाचपून हाताला लागलं ते आधी चटका म्हणून लागलं. मग दिसलं. काळं टॉगल बटण, बॅकेलाइटचं, एका बाजूनं तपकिरी होऊन फुगलेलं. जुनी वायर त्यात जाते, लाल बाहेर येते. टोकं पिळून नुसती चिकटपट्टी मारलेली, चिकटपट्टीचा डिंक वितळून खाली ओघळलेला. बटणाच्या दोन टोकांवर मीटर लावला: ३.१ व्होल्ट. गुणिले २.७ अँपिअर, म्हणजे आठ-साडेआठ वॅट. हॉलमधल्या एलईडी बल्बाएवढी वीज त्या अंगठ्याएवढ्या बटणात नुसती उष्णता होऊन जळत होती. तापलं की आतली पत्ती अजून सैल, सैल झाली की अजून तापायचं.

मी डॅशबोर्डखालूनच ओरडले, "अण्णा, हे बटण कसलं?"

पेपर खाली आला. बराच वेळ काही नाही. मग, "ते होय. चोर स्वीच आहे तो."

"कुणी बसवला?"

"मीच. अठ्ठ्याऐंशी साली. गल्लीतली एक गाडी चोरीला गेली होती ना, तेव्हा."

"आणि दोन महिने गाडी बंद पडतेय तर सांगायचं नाही का?"

"चोर स्वीच कुणाला सांगायचा असतो होय?"

यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

दुरुस्ती वीस मिनिटांची. बॅटरीचं एक टोक काढलं, बटण कापून बाहेर काढलं, मूळ वायरीच्या जाडीचीच नवी वायर घेऊन किल्लीपासून कॉइलपर्यंत अखंड टाकली, टोकांना लग (जोडायच्या धातूच्या टोप्या) दाबून वर सोल्डर केलं. त्याच दमात किल्लीच्या स्वीचची टोकं आणि बॅटरीचा बॉडी अर्थ घासून साफ केला. तापल्यावर, करंट वाहत असताना कॉइलवर आता १२ व्होल्टला थोडे कमी मिळतात. त्यानंतर यवतेश्वरचा घाट कितीदा चढलेय, ते मोजणं सोडून दिलंय.

मिस्त्रींना जळकं बटण नेऊन दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, वास घेतला आणि म्हणाले, "टेस्ट लॅम्पवर तर दिवा लागत होता." मी त्यांना हेडलाइटचा जुना बल्ब लॅम्पच्या जागी लावून बघायला सांगितलं. तो चार-साडेचार अँपिअर खेचतो, कुजका जोड असला तर लगेच मंद लागतो. परवा गेले तेव्हा त्यांच्या भिंतीवर वायर जोडलेला तसा एक बल्ब खिळ्याला टांगलेला दिसला.

अण्णांना चोर स्वीच परत हवाय. रोज एकदा विषय निघतो. इग्निशनच्या वायरीत बटण पुन्हा बसवणार नाही असं मी सांगितलंय, फार तर रिले (थोड्या करंटवर चालणारा आणि मोठा करंट स्वतः जोडणारा स्वीच) टाकून देईन, म्हणजे बटणातून जेमतेम करंट जाईल. त्यांना रिले मान्य आहे. फक्त बटण कुठं लपवायचं ते तेच ठरवणार, आणि मला सांगायचं की नाही याचा ते अजून विचार करतायत.